झडप उघडण्याची वेळ

‘काही अनुभव शब्दांत मावत नाहीत’ हे विधान आपल्या साहित्यव्यवहारात इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. कवितेच्या तासाला ते अध्यापकाच्या मदतीला येते, परीक्षेत विद्यार्थ्याच्या, आणि परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात समीक्षकाच्या. त्याला तात्त्विक पाठबळही सहज मिळते. मूळचा रसायनशास्त्रज्ञ आणि पुढे तत्त्वज्ञ झालेला मायकेल पोलान्यी याने १९६६ साली ‘द टॅसिट डायमेन्शन’ या छोट्या पुस्तकात मांडले की आपल्या जाणण्याचा फार मोठा भाग सांगण्याच्या कक्षेबाहेर राहतो. गर्दीतला ओळखीचा चेहरा आपण हेरतो. कसा हेरला ते सांगता येत नाही. कारागिरांविषयी लिहिताना तर ही मांडणी फारच सोयीची पडते. कुंभाराचा हात, सुताराची नजर, मेकॅनिकचा कान : सारे काही शब्दांपलीकडचे, आणि म्हणून त्याविषयी आणखी काही बोलण्याची गरज नाही.

या सोयीविषयी मला जो संशय आहे तो वाङ्मयातून आलेला नाही. तो कल्याणला मुरबाड रोडच्या आतल्या बाजूस असलेल्या एका गॅरेजमधून आला आहे. गॅरेज माझ्या मामाचे. १९८४ पासून तो तिथे दुचाक्या दुरुस्त करतो, आणि त्यातही टू-स्ट्रोक. आरंभी राजदूत, लॅम्ब्रेटा आणि बजाजच्या स्कूटर. १९८५ नंतर यामाहाची आरएक्स१००. त्या काळात अंबरनाथचा आयुध कारखाना, शहाडची रेयॉन गिरणी, डोंबिवलीचे औद्योगिक क्षेत्र असा सारा परिसर पाळीच्या भोंग्यांवर चाले, आणि पाळी गाठण्यासाठी दुचाकी घेणारा कामगार हा मामाचा मुख्य गिऱ्हाईक होता. सुटे भाग शेजारच्या उल्हासनगरात मिळत; अस्सल मिळाले तर अस्सल, नाहीतर उल्हासनगरी अस्सल. आज तो कामगार नाही आणि आरएक्स१०० बंद होऊनही जवळपास तीस वर्षे झाली. १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. मामाकडे येतात ते आता जुन्या गाड्या हौसेने जपणारे लोक, आणि अधूनमधून डोंगरातल्या मातीत गाडी चालवणारी, परदेशी बनावटीची ‘डर्ट बाइक’ कोणाकडून तरी तिसऱ्या हाताने घेतलेली तरुण मुले. प्रस्तुत लेख अशाच एका गाडीतल्या एका झडपेविषयी आहे. इंग्रजीत तिला पॉवर व्हॉल्व्ह म्हणतात. मामा तिला नुसते ‘झडप’ म्हणतो.

ही झडप काय करते हे समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. वाचकांनी धीर धरावा. ते वृत्तातल्या गणांहून अवघड नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनात वायू आत घेणे आणि बाहेर सोडणे हे काम स्वतंत्र झडपा करतात. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन हाच दरवान. सिलिंडरच्या भिंतीला दारे कोरलेली असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली जाताना ती उघडतो आणि झाकतो. यांपैकी धूर बाहेर जाण्याच्या दाराची वरची कड किती उंचीवर आहे, यावर इंजिनाचा अवघा स्वभाव ठरतो. कड उंच असेल तर खाली येणारा पिस्टन दार लवकर उघडतो आणि वर जाताना उशिरा झाकतो. दार जास्त वेळ उघडे राहते. अशी गाडी चढ्या वेगात जोरदार पळते आणि संथ चालताना निर्जीव वाटते. कड खाली असेल तर उलट : संथ वेगात ओढ भरपूर, पण वरच्या वेगाला दम कोंडतो.

असे का होते, याचे उत्तर सायलेन्सरमध्ये आहे. शर्यतीच्या टू-स्ट्रोकचा सायलेन्सर मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. दार उघडताच दाबाची एक लाट त्या नळीतून धावत सुटते. रुंदावत जाणाऱ्या भागातून तिचे जे परावर्तन होते ते शोषणारे असते. त्यामुळे जळका वायू बाहेर ओढला जातो आणि त्याच्या मागोमाग थोडे ताजे मिश्रणही नळीत सांडते. मग पुढच्या अरुंद होत जाणाऱ्या भागावर आपटून लाट परत येते, आणि दार मिटण्याच्या बेतात असतानाच ती पोहोचली तर सांडलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. सारी गंमत या वेळेत आहे. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला आणि जाऊन-येऊन अंतर १.७ मीटर धरले, तर तिला परतायला ३.४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात एका फेऱ्याला ६.७ मिलिसेकंद लागतात, आणि त्यातला अर्ध्याहून किंचित जास्त काळ, म्हणजे साधारण ३.५ मिलिसेकंद, दार उघडे असते. लाट अगदी वेळेवर पोहोचते. तेच इंजिन ४,५०० फेऱ्यांवर चालवले तर दार ७ मिलिसेकंद उघडे राहते. लाट येऊन जाते, दार अजून उघडेच, आणि न जळलेले मिश्रण बाहेर निघून जाते. नळी तीच, लाट तीच; भेटीची वेळ चुकते.

नळीचे हे गणित सर्वांत आधी नीट बसवले ते पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन या अभियंत्याने. १९६१ साली त्याच्या १२५ सीसीच्या शर्यतीच्या इंजिनाची ताकद २५ अश्वशक्तीपर्यंत पोहोचली होती. तेवढ्याच मापाच्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या तेव्हा त्याच्या निम्म्यावरही नसत. लाटांचे वर्तन पाहण्यासाठी काडेनने ऑसिलोस्कोप वापरला, म्हणजे कानाचे काम डोळ्यांकडे दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला, आणि काडेनची विद्या जपानात सुझुकीकडे पोहोचली. १९६२ साली ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद डेग्नरने सुझुकीवरून मिळवले. या प्रसंगाकडे लोक हेरकथा म्हणून पाहतात. मला त्यात दुसरेच काही दिसते. ज्या ज्ञानाला आपण ‘हाताचे’ किंवा ‘कानाचे’ म्हणून गूढ ठरवतो ते एका माणसाबरोबर सीमा ओलांडू शकले, आणि दुसऱ्या भाषेच्या अभियंत्यांना कळलेही. जे चोरता येते ते बहुधा सांगताही येते.

काडेनच्या नळीनेही कडेचा प्रश्न सुटला नव्हता. उंच की खाली, हे एकदाच ठरवावे लागे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात यामाहाने शर्यतीच्या गाड्यांवर त्याला उत्तर काढले : दाराच्या वरच्या कडेलाच एक हलती झडप बसवायची. इंजिन संथ असताना ती खाली उतरून दार ठेंगणे करते, वेग वाढला की वर सरकून दार उंच करते. १९८३ साली या झडपेसह आरडी३५० युरोपच्या रस्त्यांवर आली. त्याच वर्षी आपल्याकडे एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० आणली. पण तिचा आराखडा सत्तरच्या दशकातल्या जुन्या, झडप नसलेल्या आरडीचा होता. पेट्रोल फार खाते म्हणून पुढे तिची कमी ताकदीची आवृत्ती निघाली, आणि ‘एचटी’ आणि ‘एलटी’ असे दोन पंथ गॅरेजांतून निर्माण झाले. ते आजही एकमेकांशी वाद घालतात. आरएक्स१००लाही अशी झडप नव्हती. मामाच्या पिढीला वरचा वेग हवा असला की ती दाराची कड कानशीने घासून उंच करी. मामा त्याविषयी एकच वाक्य बोलतो : “घासलेली कड परत येत नाही.” तेव्हाचा निर्णय लोखंडावर कोरलेला असे, झडपेने तो फिरवता येण्याजोगा केला.

आता मुख्य गोष्ट. मातीत चालणाऱ्या बहुतेक गाड्यांवर ही झडप केंद्रोत्सारी बलाने उघडते. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या एका वाटीत छर्रे असतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि उतरत्या कडेवर चढून एक दांडी ढकलतात. दांडीला विरोध करते स्प्रिंग. स्प्रिंगला आधीच किती ताण दिला आहे यावर झडप कोणत्या वेगाला हलू लागेल हे ठरते. ताण जास्त तर उघडणे उशिरा. स्प्रिंग किती कडक आहे यावर उघडू लागल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत किती अवधी जाईल हे ठरते. काही युरोपीय गाड्यांबरोबर हिरवी, पिवळी आणि तांबडी अशा तीन छोट्या स्प्रिंगा मिळतात, सौम्य ते तिखट या क्रमाने. ताण बदलायला एक स्क्रू. तो पाव आटा फिरवला तरी गाडी बदलते. पण पुस्तकात दिलेला आकडा ही फक्त सुरुवातीची जागा. स्वाराचे वजन, माती, चढ आणि चालवण्याची रीत यांनुसार योग्य जागा वेगळी असते, आणि ती शोधण्याचे परंपरागत साधन म्हणजे कान. झडप उघडते त्या क्षणी आवाजाचा पोत बदलतो. भडभडणारा आवाज एकदम कडा धारण करतो.

नेमका तोच पोत मामाला गेली दहाएक वर्षे ऐकू येत नाही.

चाळीस वर्षे उघड्या सायलेन्सरच्या शेजारी काढलेल्या माणसाला व्हायचे तेच झाले. गोंगाटाने येणारे बहिरेपण सगळा आवाज सारखा कमी करत नाही. ते ४,००० हर्ट्‌झच्या आसपास पहिला खड्डा पाडते. मामाच्या श्रवणचाचणीचा आलेख मी पाहिला आहे. डावीकडे सपाट, आणि मग विहिरीत उतरावे तशी रेघ. भाषेच्या विद्यार्थ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. ऊष्म व्यंजने वरच्या पट्टीत, ती आधी जातात. मामाला ‘सात’ आणि ‘हात’ हे शब्द जवळजवळ एकच ऐकू येतात. इंजिनाचेही तसेच. ९,००० फेऱ्यांवर एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोकचा मूळ स्वर १५० हर्ट्‌झचा, तो त्याला ऐकू येतो. हरवतात त्या त्याच्यावरच्या श्रुती. आणि त्याहून वाईट म्हणजे नॉकिंगची बारीक टणटण, जी वेळेवर ऐकली नाही तर पिस्टनचा माथा खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला जातो. काही काळ त्याने लांब पेचकसाची मूठ कानामागच्या हाडाला टेकवून, टोक इंजिनाला लावून पाहिले. पण नसच गेली असेल तर हाड काय करणार? श्रवणयंत्र त्याच्याकडे आहे. गॅरेजात तो ते घालत नाही. सारा कल्लोळच मोठा होतो, असे म्हणतो.

त्या दिवसांत मामीने गॅरेज बंद करण्याचा विषय काढला होता, आणि तो चुकीचा नव्हता. जागेला चांगले भाडे आले असते. एखाद्या दुकानदाराचा कान गेला तर दुकान चालते. टू-स्ट्रोक जुळवणाऱ्याचा गेला तर त्याने काय जुळवायचे? मामाने गॅरेज बंद केले नाही. त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

आधी तो गिऱ्हाइकाला काही विचारत नसे. गाडी लावली, किक मारली, दोनदा रेस दिली, की निदान तयार. आता निदान स्वाराच्या तोंडून काढावे लागले, आणि स्वार नेहमी एकच वाक्य घेऊन येई : “पिकअप नाही.” वाङ्मयाच्या वर्गात हेच वाक्य ‘कविता भावली’ किंवा ‘कविता भावली नाही’ या रूपात येते. त्यात खोटे काही नसते, पण त्यावर काही करताही येत नाही. मामाने हळूहळू काही प्रश्न तयार केले. ते मी त्याच्याच शब्दांत नोंदवून ठेवले आहेत.

“रिकामी कुठे लागते?” म्हणजे वेगाच्या कोणत्या टप्प्यात मूठ पिळूनही काही होत नाही.

“धक्का देते का उचलून नेते?” ताकद एका क्षणात आदळते, की चढत जाते.

“चढावर गिअर पाडायला लागतो?” खालची ओढ पुरेशी आहे का, याची ही सर्वांत साधी कसोटी.

“हात भरतो का पाठ?” हा प्रश्न मला प्रथम अनाकलनीय वाटला. ताकद अचानक आली की स्वार मूठ आवळून धरतो आणि त्याचे कोपरापुढचे हात भरून येतात. ताकद कमी पडली की तो अंगाने गाडी ओढू पाहतो आणि पाठ धरते. शरीर आधीच निदान करून बसलेले असते.

आणि शेवटचा : “रेस सोडल्यावर परत कशी येते?” झडप उघडताना अडते की मिटताना, हे त्यावरून कळते.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर एक मुलगा टेम्पोत घालून त्याची अडीचशे सीसीची गाडी घेऊन आला. अशा गाड्यांना नंबर प्लेट नसते, रस्त्यावर आणता येत नाहीत. मलंगगडाच्या पायथ्याकडच्या मातीत तो ती चालवतो. मी तेव्हा गॅरेजात होतो. मामाने त्याला समोर बसवले, ओठ नीट दिसतील असे.

“काका, पिकअप नाही.”

“ते कळलं. रिकामी कुठे लागते?”

मुलगा विचारात पडला. मग म्हणाला, “मध्येच. मध्ये काहीच नाही, आणि मग एकदम सगळंच.”

“हात भरतो?”

“फार. दहा मिनिटांत उतरायला लागतं.”

“सोडल्यावर परत कशी येते? रोज एकाच जागी शांत होते?”

“नाही. कधी इथे, कधी तिथे. भरवसा नाही.”

मामा माझ्याकडे वळून म्हणाला, “मास्तर, लिहून घ्या. भरवसा नाही म्हणतोय. स्प्रिंग बेभरवशाची नसते.” तो मला ‘तू’च म्हणतो, ‘मास्तर’ आणि आदरार्थी बहुवचन फक्त थट्टेच्या वेळी.

त्या एका शब्दावर त्याचे निदान उभे होते. उघडणे नुसते उशिरा होत असते तर ताण जास्त आहे असे म्हणता आले असते, आणि कोणी घाईने स्क्रू सैल केला असता. पण उशीर रोज वेगळा असेल तर अडथळा स्प्रिंगमध्ये नाही, काजळीत आहे. सिलिंडर उघडला तेव्हा झडपेच्या पट्ट्यांवर डांबरासारखा थर निघाला. पेट्रोलमधले ऑइल पुरते जळले नाही की ते याच जागी येऊन बसते. मामाने पट्ट्या रात्रभर रॉकेलमध्ये ठेवल्या आणि सकाळी पितळी ब्रशने साफ केल्या. पोलादी पात्याने खरवडू नये, चरा पडला की त्यात काजळी पुन्हा घर करते. मग जोडणी करून दांडी बोटाने हलवून पाहिली. अडकायला नको, आणि सोडल्यावर आपणहून परत यायला हवी.

त्यानंतर ताण. स्क्रूच्या आणि झाकणाच्या कडेवर त्याने पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली, म्हणजे मूळ जागी केव्हाही परतता येईल. आधीच्या मालकाने तो बराच आवळलेला होता. मामाने अर्धा आटा सैल केला. कार्बोरेटरला हात लावला नाही, प्लग बदलला नाही. एका वेळी एकच गोष्ट. मग बाजूचे झाकण काढून रेस दिली आणि दांडी कधी हलते ते डोळ्यांनी पाहिले. काडेनचा ऑसिलोस्कोप आणि हे झाकण यांत मला तत्त्वतः फरक दिसत नाही. मुलगा टेम्पो घेऊन गेला, संध्याकाळी परत आला.

“आता मध्ये भरलंय, काका. पण खालचं पातळ झालं.”

‘पातळ’ हा शब्द त्याला कोणी शिकवला नव्हता. मामाच्या प्रश्नांनी तो त्याच्याकडून काढून घेतला. झडप आता लवकर उघडत होती, त्यामुळे संथ वेगात दार गरजेपेक्षा उंच राहत होते आणि चढाच्या तोंडाशी ओढ कमी पडत होती. मामाने पाव आटा परत आवळला. दुसऱ्या दिवशी मुलाने फोन केला. मामाला फोनवर नीट कळत नाही, म्हणून गॅरेजातल्या शिकाऊ मुलाने तो घेतला आणि ऐकून मामाला सांगितले, “उचलून नेते म्हणतो.” काम संपले. बिलात मजुरी आणि गॅस्केट एवढेच होते.

या साऱ्या प्रक्रियेला आपण समीक्षा म्हणायला कचरतो, कारण तिच्यात एकही पारिभाषिक संज्ञा नाही. पण तिची रचना पाहावी. एका आस्वादकाला एक अनुभव आला आहे. तो त्याला ठोकळ शब्दांत मांडतो. प्रश्नांच्या आधारे त्या अनुभवाचे टप्पे वेगळे केले जातात, मग प्रत्येक टप्प्यामागचे घटक शोधले जातात, एक घटक बदलून अनुभव बदलतो का हे पाहिले जाते, आणि नवा अनुभव पुन्हा शब्दांत मागितला जातो. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार मानले. ‘मध्ये काहीच नाही, आणि मग एकदम सगळंच’ ही तक्रार विरोध आहे पण समतोल नाही, अशीच आहे. फरक एवढाच की मर्ढेकरांच्या परिभाषेचा उपयोग करून आपण बहुधा निष्कर्ष लिहितो आणि थांबतो. मामाला त्यानंतर स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे ठरवावे लागते. शब्द ढिला असेल तर इंजिन ते लगेच दाखवते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मामाचे ते प्रश्न त्याच्या जुन्या कानाच्याच कमाईवर उभे आहेत. ज्याने हजार इंजिने ऐकली नाहीत त्याला हे प्रश्न सुचले नसते. म्हणजे मुळात पोलान्यीचेच खरे. मला हे अर्धे मान्य आहे. प्रश्न सुचण्यासाठी कान लागला, यात शंका नाही. पण कान शाबूत होता तोवर ते प्रश्न सुचलेही नव्हते. ज्ञान अव्यक्त होते ते शब्दांना अशक्य होते म्हणून नव्हे. व्यक्त करण्याची कोणाला गरज पडली नव्हती म्हणून. गरज पडली तेव्हा भाषा पुरली. सगळे मावले असे नाही. नॉकिंगची टणटण अजूनही तो शिकाऊ मुलालाच ऐकायला लावतो. परंतु काय मावते आणि काय मावत नाही याची सीमा प्रयत्न केल्यावर कळते. आधीच जाहीर केली तर ती सीमा राहत नाही, सबब होते.

त्या शिकाऊ मुलाविषयी दोन शब्द लिहायला हवेत. तो मुरबाड तालुक्यातला आहे, कान तीक्ष्ण आहेत. जुन्या रीतीने तो शिकला असता तर उस्तादाच्या शेजारी वर्षानुवर्षे उभा राहून, काही न विचारता, जे कानावर पडेल ते उचलत शिकला असता. आता तो प्रश्नांसकट शिकतो आहे. मामाने त्याला कानात घालायचे बोळे आणून दिले आहेत आणि रेस देताना ते घातले नाहीत तर ओरडतो. गेल्या महिन्यात मी त्या मुलाला एका गिऱ्हाइकाला विचारताना ऐकले : “हात भरतो का पाठ?” मामा पाठमोरा काम करत होता; त्याला ते ऐकू गेले नाही.

टू-स्ट्रोकचे दिवस फार उरलेले नाहीत हे मला दिसते, आणि त्यावर गळा काढावा असे वाटत नाही. न जळलेले मिश्रण बाहेर सोडणारे हे इंजिन शहराच्या हवेला महाग पडत होते. कल्याण स्टेशनबाहेरच्या रांगेतल्या जुन्या रिक्षांचा निळा धूर ज्यांनी गिळला आहे त्यांना ते सांगायला नको. झडपही बदलते आहे. रस्त्यावरच्या यामाहांत ती पहिल्यापासून विजेच्या छोट्या मोटरने हलत असे. केटीएमने २०२३ च्या मोटोक्रॉस गाड्यांतही तीच इलेक्ट्रॉनिक केली. तिथे छर्रे नाहीत, स्प्रिंग नाही, पाव आटाही नाही. पण ताकद कुठे यावी हे ठरवताना त्या गाडीच्या स्वारालाही कोणीतरी हेच विचारणार, की रिकामी कुठे लागते. विचारणाऱ्याकडे शब्द असले पाहिजेत.

आणि हे शब्द कोणी टिपून ठेवत नाही. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी यंत्रांच्या भागांना मराठी नावे दिली, ते मोठे काम आहे. पण भागांची नावे आणि भागांच्या वागण्याची नावे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘रिकामी लागणे’, ‘खालचे पातळ होणे’, ‘उचलून नेणे’, ‘दम कोंडणे’, ‘हात भरणे’ ही दुसऱ्या प्रकारची शब्दसंपत्ती, आणि ती गॅरेजात, छापखान्यात, मागावर, भट्टीवर पसरलेली आहे. मी माझ्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना यंदा एक स्वाध्याय दिला आहे : आपल्या ओळखीच्या एका कारागिराला, त्याचे काम बिघडते तेव्हा ते त्याला कसे कळते, एवढेच विचारायचे, आणि ‘सांगता येत नाही’ या उत्तरावर न थांबता आणखी तीन प्रश्न विचारून उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून आणायचे. आतापर्यंत अकरा वह्या आल्या आहेत. त्यांत उल्हासनगरच्या एका शिंप्याचे आणि शहाडच्या एका वेल्डरचे असे काही शब्द आहेत की ते मी या लेखात घाईने उरकणार नाही. वाचकांपैकी जे शिकवतात त्यांनी आपापल्या गावी हा प्रयोग करून पाहावा आणि हाती येईल ते इथे लिहावे, ही विनंती.